टिमारपूरचा समुद्र

आमच्या दिल्लीतल्या टिमारपूरच्या क्वार्टरमध्ये समुद्र होता असं मी सांगितलं, की दिल्लीच्याच द्वारकेतल्या आमच्या सोसायटीच्या बायका माझ्याकडे जरा काळजीने बघतात. वयानुसार होतं असं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येतं. पण होता. बाहेरच्या खोलीत, आईचं शिवणयंत्र आणि लोखंडी कपाट यांच्या मधोमध, चार विटांवर टेकवलेल्या काचेच्या टाकीत होता. त्याला लाटा नव्हत्या, पण आवाज होता. हवेचा पंप रात्रंदिवस बुडबुड करायचा आणि खिडकीतला कूलर त्याच्यावर घरघरायचा. उन्हाळ्यात दोन्ही एकदम चालू असले, की बाबांना आकाशवाणीच्या बातम्या ऐकायला कान रेडिओला लावावा लागे. वीज गेली, की पहिल्यांदा आम्ही पंख्याकडे बघायचो नाही, टाकीकडे बघायचो.

बाबा मूळचे अमरावतीचे. त्यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो स्वतःच्या लग्नात, आणि तोही पाठमोरं उभं राहून, कारण फोटो काढायचा होता. पण नोकरी लागली ती नेमकी समुद्राचा कारभार बघणाऱ्या एका सरकारी खात्यात. दिल्लीहून कुठल्याही दिशेने निघालात तरी समुद्र लागायला गाडीत एक रात्र तरी मोडते. समुद्राच्या फायली मात्र सगळ्या दिल्लीत. त्या फायलींतूनच बाबा समुद्र शिकले, आणि खरं सांगायचं तर मन लावून शिकले. आई मालवणजवळची, खाऱ्या वाऱ्यात वाढलेली, आणि हिंदूराव हॉस्पिटलात नर्स. ती म्हणायची, "आमच्या घरात समुद्र वाचलेला एक आणि पाहिलेली एक. दोघांची कधी गाठ पडत नाही."

एका हिवाळ्यात बाबांच्या खात्याने एका मोठ्या प्रदर्शनात प्रवाळाचं दालन मांडलं. खोटं प्रवाळ, खरे मासे. प्रदर्शन संपल्यावर रंगीत मासे हां हां म्हणता कुणाकुणाच्या घरी गेले. राहिला एकच, कारण तो सापासारखा दिसायचा. ती एक वाम होती, प्रवाळाच्या कपारीत राहणाऱ्या जातीची. हातभर लांब, पांढऱ्या अंगावर शाईचे डाग उडाल्यासारखे काळे ठिपके, त्यांत मधेच पिवळे टिंब, आणि नाकावर दोन इवल्या पिवळ्या नळ्या. अंगाला खवलं नाहीत, बाजूला पर नाहीत, नुसती बुळबुळीत कातडी. फाइलवर शेरा पडला, 'योग्य विल्हेवाट लावावी.' बाबांना ती विल्हेवाट काही लावता येईना. ते टाकी, पंप, कृत्रिम समुद्री मिठाची पोती आणि तो प्राणी असं सगळं टेम्पोत घालून घरी घेऊन आले आणि आईला म्हणाले, "तात्पुरतं आहे." सरकारी भाषेत तात्पुरत्याचा अर्थ काय होतो, हे आईला चांगलंच ठाऊक होतं.

टाकीत मातीच्या गटारनळाचा एक तुकडा आडवा ठेवला होता. पाहुणा त्यात शिरला आणि दुसऱ्या दिवशी तोंड तेवढं बाहेर काढून बसला. दिवसभर जागचा हलायचा नाही, नुसता आ वासायचा आणि मिटायचा. ते पाहून बाबांनी त्याचं नाव 'साहेब' ठेवलं. त्यांच्या खात्याचे साहेबही असेच केबिनमधून तोंड बाहेर काढून बसत, म्हणे. साहेबांना दिसायचं अगदी बेताचं, पण नाक असं तीक्ष्ण, की आईने स्वयंपाकघरातून कोलंबीची वाटी आणली आणि बोट पाण्यात बुडवलं, की साहेब नळातून अर्धे बाहेर. कोलंबी येई ती फक्त त्यांच्यासाठी, बाबा शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बाजारातून बर्फात घालून आणत. आम्हाला मिळे ती रोहू. तिला यमुनेच्या गाळाचा वास येतो म्हणून आई नाक मुरडायची, आणि आमसुलं घालून घालून तिचं बिचारीचं मालवणीकरण करायची. "घरात खारा मासा खातो कोण, तर हा," असं म्हणून ती साहेबांना कोलंबी भरवायची. भरवताना मात्र तिचा चेहरा फार मऊ व्हायचा.

मावशी आली ती त्यानंतरच्या उन्हाळ्यात. आईची थोरली बहीण, आम्ही तिला मावशी म्हणायचो, आई आणि बाबा आक्का म्हणायचे. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, पावसाळ्याआधीच्या शेवटच्या फेरीला होडी घेऊन गेले आणि वादळात सापडले. होडीच्या दोन फळ्या किनाऱ्याला लागल्या, काका लागले नाहीत. मावशी कित्येक दिवस वाळूत बसून राहिली. समुद्र माणूस ठेवून घेत नाही, कधीतरी परत देतो, असं गावातली म्हातारी माणसं सांगत होती, म्हणून. त्याने काही दिलं नाही. मग ती उठली, घरी आली आणि म्हणाली, "ज्या दर्यान माझा माणूस खाल्ल्यान, त्याचा कायएक मी खावचंय नाय." त्या दिवसापासून तिने मासे सोडले. आणि मासेच नव्हे, मीठही. मीठ मिठागरात पिकतं, मिठागरात समुद्र येतो. तिचा हिशोब सरळ होता.

गावात नातेवाइकांनी हात टेकले तेव्हा आई जाऊन तिला दिल्लीला घेऊन आली. दिल्लीचा जून, अंगाची लाही, घामाने भिजलेली लुगडी, आणि त्यात बिनमिठाची दुधीची भाजी, बिनमिठाची आमटी, बिनमिठाचा भात. मावशी बोलायची नाही, रडायची नाही, पुढ्यात येईल ते अळणी अन्न दोन घास खाऊन बाजूला सारायची. आई नर्स होती, तिला दिसत होतं काय चाललंय ते. मावशीच्या पायांत गोळे यायचे, उठताना भिंत धरावी लागायची, एकदा ती मोरीत घेरी येऊन पडली. आईने तिला हिंदूरावला नेऊन सलाइन लावून आणलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "बीमारी कोई नहीं है सिस्टर. नमक नहीं खाएँगी तो इस गर्मी में हम कितनी बार चढ़ाएँगे?" आईने मावशीच्या पाया पडून पाहिलं, रागावून पाहिलं, "औषध म्हणून चिमूटभर घे गं आक्का," असं रडून पाहिलं. मावशी मान हलवायची. तिला मरायचं होतं असं मला आज वाटत नाही. तिला फक्त हार मानायची नव्हती.

समोरच्या क्वार्टरमधल्या चोप्रा आंटी मोठ्या उत्साहाने सैंधवाचे गुलाबी खडे घेऊन आल्या. "देखो बहनजी, ये तो पहाड़ का नमक है, समंदर से इसका कोई लेना-देना नहीं. बिल्कुल खा सकते हो." मावशीने मला विचारलं काय म्हणते ही, मी सांगितलं. मावशी खड्यांकडे बघून म्हणाली, "जिभेक काय कळता, डोंगराचा की दर्याचा? खारट ता खारट." चोप्रा आंटींना हे मी भाषांतर करून सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे पुसले आणि खडे तिथेच ठेवून गेल्या. ते पुढे कितीतरी वर्षं आमच्या फळीवर होते.

आता गंमत अशी, की त्याच घरात दर महिन्याला बाबा पिंपातल्या शिळ्या पाण्यात पोत्यातलं मीठ ओतून, काठीने ढवळून, साहेबांसाठी समुद्र तयार करायचे. काचेची एक नळी पाण्यात सोडायची, ती किती बुडते त्यावरून खारटपणा कळायचा. मिठाची पोती बाल्कनीत रचलेली, आणि घरातलं एक माणूस मिठावाचून सुकत चाललेलं. आईला ते बघवत नसे. एकदा ती बाबांवर ओरडली, "द्या सोडून त्या माशाला यमुनेत!" बाबा हळूच म्हणाले, "मरेल गं तो. गोडं पाणी आहे." आई म्हणाली, "मग इथे कोण जगतंय?" आणि तोंडावर पदर घेऊन आत गेली.

मावशी पहिल्या दिवशी टाकीकडे पाठ करून बसली. पण खोली एकच, कूलर एकच. बसायचं तर टाकीसमोरच बसावं लागे. आठवड्याभराने तिने तोंड फिरवलं. आणखी काही दिवसांनी ती आपणहून पहिलं वाक्य बोलली, आणि तेही साहेबांबद्दल. "ह्यो असो आ वासून कित्याक बघता? रागावलोसा काय?"

बाबांना एवढंच हवं होतं. ते स्टूल घेऊन तिच्याशेजारी बसले. "रागावलेला नाही, आक्का. श्वास घेतोय. बाकीच्या माशांचे कल्ले झाकण उघडावं तसे उघडतात, याला तसं झाकण नाही. मानेजवळ नुसतं एक बारीक भोक. म्हणून तोंडाने पाणी ओढायचं आणि मागून सोडायचं. दिवसभर हेच काम. लोकांना वाटतं चावायला आलाय." मग त्यांनी फायलींतलं सगळं सांगितलं. की याचे दात इतर वामांसारखे सुयांसारखे नसतात, बोथट असतात, खेकड्याची कवची फोडायला. की ओहोटीला हा खडकावर चक्क पाण्याबाहेर येऊन खेकडा धरतो, कातडी ओली राहिली तर थोडा वेळ त्याचं काही बिघडत नाही. की याची पिल्लं सुरुवातीला काचेच्या पानासारखी असतात, आरपार दिसणारी, आणि महिनोन् महिने प्रवाहाबरोबर वाहत जातात, कुठे जायचं ते त्यांच्या हातात नसतं. मग कुठेतरी खडक लागतो, तिथे ती वाम होतात. मावशी ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिने एकच विचारलं, "म्हणजे ह्यो तोंड मिटून बसलो तर मरतलो?" बाबा हो म्हणाले. त्या दिवसापासून तिची बसायची जागा टाकीसमोर ठरली.

परवा माझ्या नातीने फोनवर एक व्हिडिओ दाखवला. "आजी, देख ना, तुझा साहेब!" त्यात दाखवलं होतं, की या वामेच्या घशात आत आणखी एक जबडा असतो. पुढचा जबडा भक्ष्य पकडतो, मग घशातला जबडा पुढे येऊन ते आत ओढून घेतो. बाबांच्या एकाही फाइलीत हे नव्हतं, तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हतं. साहेब आमच्याकडे मी कॉलेजात जाईपर्यंत जगले, हजारो वेळा आमच्यासमोर आ वासला, आणि आतलं काही आम्हाला दिसलं नाही. मी व्हिडिओ परत परत लावायला सांगितला. नातीला वाटलं मला मासा आवडला, पण मला मावशीचा गळा आठवत होता.

नारळी पौर्णिमेला दिल्लीत राखीची सुट्टी. हॉस्पिटलला सुट्टी नसते, तेव्हा आई सकाळच्या पाळीला गेलेली, बाबा करोल बागला काही सामान आणायला गेलेले. आईने नारळीभातासाठी नारळ आणून ठेवला होता. मी न्हाऊन, केस पंच्याने बांधून बाहेर आले तर उदबत्तीचा वास. मावशी टाकीपुढे उभी होती. नवं लुगडं नेसलेली, जोडलेल्या हातांत उदबत्ती. टाकीचं झाकण बाजूला, आणि पाण्यात नारळ तरंगत होता. नारळाला हळदकुंकू, पाण्यावर झेंडू, आणि रिकामी दुधाची वाटी काठावर. पाणी गुलाबी-पिवळं गढूळ होत चाललं होतं आणि पंपाने त्याला फेस आणला होता.

"मावशी, हे काय केलंस?" मी ओरडले.

ती शांतपणे म्हणाली, "आज गावातले होडये दर्यात जातले. सगळे नारळ घालतले. मी रागान बसलंय म्हणून त्यांचा वायट होऊ नये. हयसर दुसरो दर्या खंय आसा?"

तिने काका मागितले नव्हते, दुसऱ्यांच्या होड्यांचं भलं मागितलं होतं. पण हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त साहेब दिसत होते. ते नळातून पूर्ण बाहेर आले होते, जे दिवसा कधी होत नसे, आणि पृष्ठभागाशी तोंड आणून भराभर आ वासत होते. मग त्यांची मान कलंडली आणि ते कसेबसे पुन्हा नळात शिरले. मावशीने ते पाहिलं. तिच्या हातातली उदबत्ती खाली पडली. "मी मारलंय त्याका," ती म्हणाली. "दर्याक माझा कायएक नको." आणि ती मटकन खाली बसली. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. मासा मेला असता तर तिने पाणीसुद्धा सोडलं असतं, हे मला त्या वयातही कळलं.

तेवढ्यात जिन्यात बाबांची पावलं वाजली, मागोमाग आईची. बसस्टॉपवर दोघांची गाठ पडली होती. बाबांनी दारातूनच टाकी पाहिली, पिशवी टाकली आणि बाह्या सरसावल्या. "आक्का, उठा. नळासकट बाहेर काढू. तुम्ही तोंडाकडची बाजू धरा." मावशी उठेना. बाबांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, तो तेव्हा चढला. "आक्का, उठा म्हणतो ना! तो अजून जिवंत आहे!" मावशी उठली. तिने कोपरापर्यंत हात पाण्यात घातला, एका तळव्याने नळाचं तोंड झाकलं, बाबांनी दुसरं टोक, आणि दोघांनी तो नळ वर उचलला. जमिनीवर बसून मावशीने तो आडवा मांडीवर घेतला. आईने ओलं गोणपाट त्याच्यावर गुंडाळलं, दोन्ही टोकांना मावशीचे तळवे. आत साहेब.

मी पिंपातलं साठवलेलं पाणी बादलीत उपसलं, बाबांनी पोतं फोडून मीठ ओतलं आणि ढवळू लागले. आई काचेची नळी घेऊन धावत आली आणि ओल्या फरशीवरून घसरली. ती सावरली, नळी फुटली. नळीशिवाय खारटपणा कसा कळणार? पाणी कमी खारं किंवा जास्त खारं झालं तर मासा तसाच गेला असता. बाबांनी बोट बुडवून चाखलं आणि हताशपणे म्हणाले, "मला खारट लागतंय एवढंच. समुद्र कसा लागतो ते मला कुठे माहीत?" आईने चाखलं, ती गोंधळली. "मला आठवत नाही हो आता. तोंडात जाऊन किती वर्षं झाली."

मग आम्ही तिघांनीही मावशीकडे पाहिलं.

तिचे दोन्ही हात अडकलेले होते. डाव्या तळव्याकडे तिची नजर लागली होती. "आतून टेकता," ती पुटपुटली. "तोंड लावता हाताक. उघडता, मिटता. श्वास घेता हा." आई तिच्याशी एक अक्षर बोलली नाही, हे आईचं मला फार मोठं वाटतं. मी पळी घेतली, बादलीत बुडवली आणि मावशीपुढे गुडघे टेकून बसले. पळी तिच्या ओठांशी धरली. मावशीने माझ्याकडे पाहिलं, मग खाली नळाकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले होते. आणि मग तिने तोंड उघडलं.

तिने ते पाणी जिभेवर धरलं, डोळे मिटले, आणि गिळलं. "अजून घाल," ती म्हणाली. बाबांनी मूठभर घातलं, ढवळलं. मी पुन्हा पळी धरली. "अजून उलसा." पुन्हा मूठ, पुन्हा पळी. तिसऱ्यांदा तिने तोंडात घेतलं तेव्हा तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि गालांवरून ओघळून ओठांत गेलं. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा रडत होती. "हा," ती म्हणाली. "ह्योच."

नळ बादलीत सोडला तेव्हा बराच वेळ काही हललं नाही. मग पिवळ्या नळ्यांचं नाक बाहेर आलं, आ वासला, मिटला, पुन्हा वासला. सावकाश, नेहमीसारखा. आई आणि मावशी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. बाबा उगाचच टाकी घासायला लागले. दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या चोप्रा आंटी मला विचारत होत्या, "क्या हुआ? कौन गुज़र गया?" आणि मला हसू आवरेना.

टाकी धुऊन, नवा समुद्र भरून होईपर्यंत दुपार कलली. मावशी प्रत्येक बादली चाखत होती. शेवटी तो नारळ तेवढा ओट्यावर राहिला, पुसट हळदकुंकवाचा. आईला प्रश्न पडला. समुद्राला वाहिलेला नारळ कुणी घरी आणत नाही, आणि दुसरा नारळ नव्हता. तिने विचारलं, "आक्का, याचं काय करू गं? यमुनेत सोडून येऊ?"

मावशीने नारळ हातात घेतला, कानाशी नेऊन हलवला. "दर्यान परत दिल्यान," ती म्हणाली. "कायतरी परत दिल्यान एकदाचा." आणि स्वतः कोयता घेऊन तो फोडला.

नारळीभात झाला, वरणभात झाला, आंब्याचं लोणचं बरणीतून निघालं. आमच्याकडे पान मांडताना पहिल्यांदा मीठ वाढायचं, पानाच्या वरच्या कडेला, मधोमध. उन्हाळाभर मावशीच्या पानात ती जागा मोकळी असे आणि मिठाची वाटी फिरवताना तिच्यापुढून पटकन निघून जायची मला सवय झाली होती. त्या दिवशीही मी तशीच निघाले, तर मावशीने माझा परकर धरला. आईने भाताचा हात तसाच हवेत ठेवला. मी वाटीत दोन बोटं घातली आणि तिच्या पानाच्या वरच्या कडेला चार कण सोडले.

मावशी त्याकडे बघून म्हणाली, "असा चोरल्यासारखा काय वाढतंस गो बाय? नीट वाढ."